डावखुऱ्याची जागा

१

टेबल दुरुस्तीला आलं की रंधामावशी आधी त्याच्याखाली जायची. वरून बघायचीच नाही. "वरून काय, पावडर लावली की सगळीच गोरी," म्हणायची, जमिनीवर गोणपाट टाकायची, छोटी बॅटरी दातांत धरायची आणि सदुसष्टाव्या वर्षी पाठीवर सरपटत टेबलाच्या पोटात शिरायची. बाहेर गिऱ्हाईक उभं. त्याला दिसायचे फक्त दोन पाय, आणि आतून ऐकू यायचं "हंऽ, हंऽ", डॉक्टर छातीला नळी लावून करतात तसं.

रंधामावशी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. हातात रंधा, तोंडात जीभ, दोन्हींना सारखीच धार, म्हणून गल्लीने ठेवलेलं. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. पण लाकूड असं वाचायची की शिकलेल्यांनी तोंडात बोटं घालावीत. गोल टेबल आलं तर टेप आडवी लावायची, मग उभी. दोन्ही मापं सारखी भरली की निकाल लागला: "नवं आहे हो हे. फसवलंय तुम्हाला." कारण लाकूड आडवं आटतं, उभं आटत नाही, म्हातारं गोल टेबल गोल राहूच शकत नाही. "आपल्यासारखंच," कमरेवर हात ठेवून म्हणायची, "जिथं आटायला नको नेमकं तिथंच आटतं." फळीच्या खालच्या अंगाला करवतीच्या रेघा सरळ असल्या तर हाताने कापलेली, कमानीसारख्या असल्या तर यंत्राची. असं सगळं.

आणि सगळ्यात खरी खूण कडेच्या खाली. खुर्ची पुढे ओढताना माणूस टेबलाच्या कडेखाली चार बोटं घालतो. रोज, वर्षानुवर्षं. तिथे बोटांचं तेल मुरतं आणि लाकूड काळंभोर, गुळगुळीत होतं, म्हशीच्या शिंगासारखं. वरचे डाग खोटे करता येतात. हे नाही येत. आणि करायचं तरी कशाला? तिथं बघतंय कोण, रंधामावशीशिवाय?

वाचून झालं की ती बाहेर यायची आणि अर्धं खरं, अर्धं पदरचं सांगायची. एका वकिलीणबाईंना शाईचा साधा डाग दाखवून म्हणाली, "तीन बायका होत्या मालकाला. तिसरी या कोपऱ्यात बसून पत्रं लिहायची आणि रडायची." वकिलीणबाईंचे डोळे भरून आले. मावशी आतल्या खोलीत जाऊन तोंडात फडकं कोंबून हसली.

एक गोष्ट मात्र ती कधी चेष्टेत बोलली नाही. "लाकडाला बातमी उशिरा कळते," म्हणायची. "माणूस येऊन बसला की लगेच नाही कळत. वर्ष जातं, दोन जातात, मग कुठे कोपराखाली उतार पडतो. आणि माणूस उठून गेला तरी लाकूड त्याला धरून बसलेलं असतं."

२

भंगारवाल्याने एक टेबल आणलं. लहान, दोन माणसांचं, शिसवी. दोन्ही बाजूंना पाय टेकायला एकेक पट्टी. कुठून आलं ते त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याला स्वतःचं घर कुठे आहे तेही कधी कधी आठवायचं नाही.

मावशी खाली शिरली. हंऽ. खरं जुनं. पण झीज एकाच बाजूला. एका बाजूला कोपरांचे उतार, पट्टीवर टाचांच्या घळी, कडेखाली बोटांचं काळं. समोरची बाजू कोरी. एकटाच जेवला बिचारा, जन्मभर.

तेव्हा तिला धाकटी आठवली.

धाकटी म्हणजे तिची बहीण, चार वर्षांनी लहान. पस्तीस वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर. कानाला यंत्र लावून दिवसभर न दिसणाऱ्या माणसांशी मधाळ बोलायची. दिसणारं माणूस समोर आलं की जीभ टाळ्याला चिकटायची. लग्न केलं नाही. आता रिटायर होऊन दोन खोल्यांत एकटी, आणि जेवायची ओट्याशी उभी राहून. मावशीला ते बघवत नसे. बोलून मात्र दाखवायची वेगळंच: "घोडी उभ्याने झोपते, तू उभ्याने जेवतेस."

टेबल धाकटीला द्यायचं हे क्षणात ठरलं. आणि दुसऱ्या क्षणाला दुसरं ठरलं. कारण रंधामावशी सरळ हाताने काही देईल तर ती मावशी कसली! जन्मात हिला जोडीदार मिळवून देता आला नाही, निदान टेबलात तरी देऊ.

आठवडाभर ती त्या कोऱ्या बाजूला बसून एक माणूस घडवत होती. लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये भिजवला आणि कपाच्या बुडाने काळं कडं उठवलं. ते डाव्या हाताला. डावखुरा असू दे, म्हणाली, जरा वेगळा. पॉलिश पेपरने कड मधोमध किंचित दाबली. ढेरी थोडी पुढे आलेली. बुटाच्या जुन्या चामडी तळव्याला वाळू लावून पट्टी घासली, दोन घळी पडेपर्यंत. मग लाकूड ओलं करून डाव्या हाताची चार नखं रुतवली. चार चंद्रकोरी, ओळीने. फळीवर बोटं वाजवायची खोड आहे स्वारीला. वरून मेण, काजळी, पुन्हा मेण.

लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलं. समोरासमोर दोघं जेवून उठलेत आणि कप विसळायला गेलेत असं वाटत होतं.

कडेच्या खाली तिने हात लावला नाही. तिथं बघतंय कोण?

३

"ताई, एवढं कशाला गं?" धाकटी म्हणाली. पण हात लगेच फळीवरून फिरायला लागला होता.

खिडकीपाशी टेबल लावलं. खिडकीकडे पाठ करून बसायची ती खरी झिजलेली बाजू, ती धाकटीची. खिडकीकडे तोंड ती घडवलेली. मावशीने गोणपाट टाकलं, खाली शिरली, बाहेर आली, कपडे झटकले.

"ऐक. तू बसलीयस तिथे एक बाई बसायची. गरीब. आणि हा समोरचा." तिने आवाज खाली आणला. "हा डावखुरा. हे बघ कपाचं कडं. आणि ही नखं. कंटाळला की बोटं वाजवायचा."

"अगं बाई!"

"आणि हट्टी किती! हा उठल्याशिवाय समोरच्याने उठायचं नाही."

"हे कशावरून?"

"टाचांवरून. पट्टी बघ केवढी घासलीय. बसला की बसला."

धाकटीने त्या काळ्या कड्यावर एक बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"चांगला होता का गं?"

"तेवढं लाकडाला कळत नाही," मावशी म्हणाली, आणि जिना उतरताना कठड्याला धरून इतकी हसली की तळमजल्यावरची शिंपीण मशीन थांबवून बाहेर आली. "काय झालं, मावशी?" "काही नाही गं. बहिणीचं लग्न लावून आले."

या दोघींचं हे लहानपणापासूनचं. जेवताना मावशी टेबलाखालून पाय पुढे सरकवायची आणि धाकटीच्या पावलावर ठेवायची. अगदी हळूच, मांजराने पंजा ठेवावा तसा. वर तोंड साळसूद. धाकटी किंचाळायची, वडील धाकटीलाच ओरडायचे. साठी उलटली तरी धाकटी कुठेही बसताना आधी वाकून खाली बघायची.

४

पंधरा दिवसांनी मावशी गेली. धाकटी खुशीत होती. बसून जेवत होती, केसांना नवी पिन लावली होती. चहा झाला. मावशीचा हात सवयीने टेबलावर फिरला आणि थबकला.

समोरच्या बाजूला, तिच्या काळ्या कड्याशेजारी, एक पांढरं कडं होतं.

आता काळं आणि पांढरं यात फरक आहे. काळं कडं जुनं. पाणी लाकडात उतरलेलं. पांढरं ताजं, गरम कप ठेवला की वाफ नुसती पॉलिशमध्ये अडकते. चार-आठ दिवसांचं.

"कोण आलं होतं गं चहाला?"

"माझ्याकडे कोण येणार?"

"मग हा कप?"

धाकटी कपबशा उचलायला लागली. "ठेवला असेल मीच."

ठेवला असेल. आपल्याच घरात माणूस कप कुठेही ठेवतं. फक्त तो डाव्या हाताला होता, आणि धाकटी उजव्या हाताची. पण समोरून वाकून ठेवला तर डावी-उजवी बदलतेच की. मावशीने घरी जाताना हा हिशोब दोनदा केला. दोन्ही वेळा बरोबर आला. तरी ती तिसऱ्यांदा करत होती.

५

पुढच्या महिन्यात धाकटीने रविवारी येणं बंद केलं. पूर्वी दर रविवारी यायची. मावशी एका दुपारी, तीनच्या सुमाराला, स्वतःच गेली. दारावर टकटक केली.

"उघडंच आहे, ताई. ये. मला उठता येत नाहीये."

धाकटी टेबलाशी बसली होती, खिडकीकडे पाठ करून. समोर ताट. जेवण कधीच संपलेलं, खरकटा हात वाळून कडक झालेला.

"तीन वाजले! जेवून किती वेळ झाला?"

"साडेअकराला बसलो."

बसलो. मावशीने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

"मग उठ की!"

धाकटीने समोर बघितलं. समोर खुर्ची, खुर्चीत ऊन. मग खोलीत एक आवाज झाला. टक-टक-टक-टक. चार. थांबून पुन्हा चार.

"नळाचा पाइप आहे," धाकटी पटकन म्हणाली. थोड्या वेळाने सुटका झाल्यासारखा श्वास सोडला, उठली, हात धुवायला गेली. मावशीला तिचे कोपर दिसले. दोन्ही कोपरांची कातडी सोलून लाल झाली होती. गळ्याची हाडं वर आली होती. माणूस दिवसाचे पाच-पाच तास एकाच जागी बसून राहिलं, बाहेर गेलं नाही, संध्याकाळचं जेवण नकोच म्हणून टाळू लागलं, तर दुसरं काय होणार?

"एक खुंटी सैल वाटतेय," मावशी ओरडून म्हणाली आणि गोणपाटाशिवायच खाली शिरली.

नखांच्या चंद्रकोरी तिने वर केल्या होत्या, चार. वर आता किती आहेत ते बघायचं तिने मुद्दाम टाळलं. खाली आपलं हुकमी ठिकाण. तिने बॅटरी समोरच्या बाजूच्या कडेखाली धरली.

काळंभोर. गुळगुळीत. म्हशीच्या शिंगासारखं.

बोट लावून बघितलं. नखाने खरवडलं. वास घेतला. काजळी नव्हे, मेण नव्हे. लाकडात मुरलेलं बोटांचं तेल, चाळीस-पन्नास वर्षांचं. डाव्या बाजूला जास्त खोल. टेबलाला इथे येऊन तीन महिने झाले नव्हते, आणि त्या जागी तिने हातच लावला नव्हता.

ती तशीच पडून राहिली. वर फळीवर, तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर, कुणीतरी बोटं वाजवली.

"धाकटे, तू टेबलाशी आहेस का?"

"मी इकडे ओट्याशी आहे, ताई. का गं?"

६

त्याच दिवशी तिने सगळं कबूल केलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी चेष्टा न हसता सांगितली. कीस, व्हिनेगर, बुटाचा तळवा, स्वतःची नखं. हात पुढे करून नखं दाखवली.

"बघ. बसव त्या खुणांवर. माझीच आहेत. कुणी नव्हतं तिथे. ती बाजू कोरी होती, धाकटे."

धाकटी शांतपणे ऐकत होती, टेलिफोनवर लांबचा आवाज ऐकावा तशी. मग म्हणाली, "जागा तू केलीस, ताई. कुणाची ते तुला कुठे ठाऊक?"

मावशीने पुढे केलेली नखं मुठीत मिटली.

"टेबल घेऊन जाते मी."

"हात लावू नकोस."

"मरशील अशाने!"

"तुझ्या चेष्टेनेच मरायचं तर साठ वर्षांपूर्वीच मेले असते," धाकटी म्हणाली. "उभ्याने जेवत होते तेव्हा आवडत नव्हतं तुला. आता बसून जेवते तेही आवडत नाही. जा तू."

मावशी गेली. दोघीही एकाच आईच्या. एक हट्टी तर दुसरी सवाई. महिनाभर कुणी कुणाच्या दारात पाऊल टाकलं नाही.

७

शिंपीण मधूनमधून बातमी द्यायची. वरच्या बाई खाली उतरत नाहीत. कपडे सैल झालेत, दोन ब्लाउज आत घ्यायला दिले. परवा जिन्यात घेरी आली.

मावशी आपल्या दुकानात बसून विचार करत होती. घासून काढावं? घासलं तर जागा कोरी होईल. कोऱ्या जागेवर कोण येईल याचा काय भरवसा? आधीचीही कोरीच होती. फोडून जाळावं? मग तो बसेल कुठे? तो हट्टी आहे, हे तिनेच तर सांगितलं होतं.

मग तिला ते सुचलं, आणि इतक्या दिवसांनी तिच्या तोंडावर जुनं हसू आलं. माणूस आला कसा? झीज बघून. तर मग जाईलही तसाच. सोडून गेलेल्या माणसाची जागा कशी दिसते हे रंधामावशीइतकं कुणाला ठाऊक? असल्या शेकडो जागा तिने घासून काढल्या होत्या. झिजेच्या वर धूळ बसते, धुळीवर ओल, मग ते रंध्रांत घट्ट होतं. पॉलिशला केसाएवढ्या भेगा पडतात. टाचांच्या घळीत भुसा साचतो. कोपराची चकाकी मरते. बघताक्षणी कळतं: इथलं माणूस उठून गेलं, परत आलं नाही, आणि आता कुणी वाटही बघत नाही.

अशी जागा करायची. त्याची.

धाकटीला सांगायचा प्रश्नच नव्हता. चेष्टा असो की उपचार, मावशीची रीत एकच: पाठीमागून. तिने शिंपिणीला गाठलं. "तिला उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. चष्म्याच्या निमित्ताने. दोन तास तरी आणू नकोस. मी सांगितलं म्हणू नकोस."

सकाळी दहाला दोघी जिना उतरल्या. मावशी समोरच्या बोळात पिशवी घेऊन उभी होती. किल्ली दाराच्या चौकटीवर, नेहमीच्या जागी.

आधी तिने खात्री करून घेतली. खिडकीकडे तोंड असलेली बाजू. कपाची कडी डाव्या हाताला, आता सात-आठ. चंद्रकोरी मोजवेनात. कडेखाली शिंगासारखं काळं. चुकायचा प्रश्न नाही. लाकूड खोटं बोलत नाही. खुर्चीवर एक पातळशी उशी होती. "उशी देतेय त्याला! बसायला मऊ हवं का?" मावशीने ती उचलून कोपऱ्यात भिरकावली. पट्टीपाशी जमिनीवर एक केसांची पिन पडली होती. तीही उचलून खिडकीत ठेवली.

मग काम. स्पिरिटच्या बोळ्याने चकाकी घालवली. दुकानातली खरी जुनी धूळ डबीत आणली होती, ती मेणात कालवून रंध्रांत भरली. गरम इस्त्री फडक्यावरून फिरवून लगेच बर्फाचा खडा लावला. पॉलिश केसाकेसाने तडकलं. टाचांच्या घळीत भुसा. पट्टीच्या कोपऱ्यात दुकानातून काडीवर गुंडाळून आणलेलं कोळ्याचं जाळं, तिचा हा नेहमीचा शेवटचा हात. दीड तास ती त्या बाजूला बसली होती आणि त्या बाजूला एवढाही आवाज झाला नाही. एकदाच टक-टक झाली, ती पलीकडून, धाकटीच्या बाजूने. "हां," मावशी दात आवळून म्हणाली, "सरकलास ना पलीकडे? आता दारही तिकडेच आहे."

शेवटी कडेखालचं ते काळं. तिथेही तिने धुळीचं मेण भरलं. या वेळी काही राहू द्यायचं नव्हतं.

लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलं. अंगावर काटा आला इतकं छान जमलं होतं. एक माणूस जेवून बसलेलं, आणि दुसरं कधीचंच गेलेलं.

८

"ताई! तू कधी आलीस?"

दारात धाकटी. नाकावर नवा चष्मा, त्यातून डोळे मोठाले. महिन्याचा रुसवा जिन्यातच सांडून आली होती. "सगळं कसं लख्ख दिसतंय गं! तुझ्या सुरकुत्या पण!"

"माझ्या सुरकुत्या चष्मा खोटा आहे म्हणून दिसतात."

धाकटी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. पिशवी ठेवून आत गेली, गॅस पेटवला, पातेलं ठेवलं. मावशी टेबलाला पाठ लावून उभी राहिली, काम दिसू नये म्हणून. सांगू, चहा घेता घेता सांगू.

"ताई," आतून आवाज आला, "त्या खुर्चीवरची माझी उशी कुठे गेली?"

"कुठल्या?"

"खिडकीकडे तोंड आहे त्या. मी तिथे बसते ना आता."

मावशीच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

"कधीपासून?"

"तू भांडून गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. त्याच्या डोळ्यांवर ऊन यायचं गं दुपारचं. सारखी बोटं वाजवायचा. म्हटलं, ये तू इकडे, खिडकीकडे पाठ करून बस, मी बसते तुझ्या..."

तेवढंच.

मावशी वाट बघत राहिली. माणूस बोलता बोलता थांबतं. चमचा शोधतं, साखरेचा डबा उघडतं. एक महिना. एका महिन्याने लाकडावर काय उमटणार? तीच सांगत आली होती जन्मभर. लाकडाला बातमी उशिरा कळते.

"धाकटे?"

चहा उतू गेल्याचा चर्र आवाज झाला.

ओट्याशी कुणी नव्हतं. मागच्या बाजूला ना दार, ना खिडकी. गॅस चालू, चहा पसरलेला. दोन कप काढून ठेवले होते. एका कपाच्या तळाशी धूळ होती, बोटाने रेघ ओढता येईल एवढी. नवा चष्मा कुठे दिसला नाही.

मावशीने गॅस बंद केला. घरात काही आवाज नव्हता. मग बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या बाजूला, कुणीतरी सावकाश बोटं वाजवली. टक-टक-टक-टक.

९

शिंपिणीला विचारलं तर ती म्हणते, चष्म्याला मी एकटीच गेले होते मावशी, माझाच नंबर वाढलाय. वरची बाई? ती जागा तर कधीची बंद आहे. आत घ्यायला दिलेले दोन ब्लाउज मात्र तिच्या खुंटीवर अजून लटकतात. कुणाचे ते तिला आठवत नाही, टाकवतही नाहीत.

रंधामावशीने दुकान बंद केलं आणि धाकटीच्या दोन खोल्यांत मुक्काम हलवला. पहिले दोन दिवस तिने ती जागा घासायचा प्रयत्न केला. मग हात थांबवला. घासली तर कोरी होईल, आणि कोरी झाली की धाकटीची उरलीसुरली खूणही जाईल. तिने जी धूळ भरली होती, तिच्याखाली कुठेतरी एका महिन्याची धाकटी आहे.

त्याच्यावर एकच उपाय आहे, आणि तो कारागिराला बरोबर कळतो. सोडलेली जागा पुन्हा वापरात आणायची. रोज. खऱ्या झिजेला दुसरी वाट नाही.

म्हणून साडेअकराला ती ताट वाढून घेते आणि धाकटीच्या जागेवर बसते. खाली धाकटीची उशी. केसांना धाकटीची पिन. धाकटी पाण्याचा पेला ठेवायची तिथेच पेला, ती कोपर टेकायची तसेच कोपर. खुर्ची ओढताना कडेखाली चार बोटं, मोजून, धाकटीसारखी. मावशीने जन्मभर खोटी झीज केली. ही मात्र ती खरी करतेय. दोन वर्षं लागतील. लागू देत.

समोर खिडकी आहे. दुपारचं ऊन असं डोळ्यांवर येतं की पलीकडची खुर्ची नुसती काळी दिसते. रिकामी असली तरी काळी, भरलेली असली तरी काळी. बोटं वाजतात. वाजेनात का. तो उठल्याशिवाय उठता येत नाही हे तिला आता कळलंय, आणि नियम कुणी केला तेही आठवतंय. कोपर सोलले आहेत. मावशी त्यांना खोबरेल लावते. तेवढंच लाकडालाही मुरतं.

परवा, तीनच्या सुमाराला, जेवण होऊन ती तशीच बसली होती. पट्टीवर पाय टेकलेले, धाकटीच्या घळींत. तेव्हा टेबलाखाली तिच्या पावलावर एक पाऊल येऊन बसलं. अगदी हळूच. मांजराने पंजा ठेवावा तसं.

रंधामावशी किंचाळली नाही. पाय काढून घेतला नाही. ही खोड मावशीशिवाय या घरात एकीलाच ठाऊक होती, आणि ती परत करायची तर धाकटीनेच करावी. किंवा मग पलीकडून तो पाय लांबवत असेल. बाकी सगळं शिकला, हे का शिकणार नाही? एकदा वाकलं की कळेल. बॅटरी खिशातच आहे.

सगळा जन्म टेबलाखाली बघण्यात गेला. आता ती वर बघते, तोंड साळसूद ठेवते, आणि पाय हलवत नाही.